यकृताचा रोगी आणि त्याचें ताट

यकृताच्या जुनाट विकारानें जर्जर झालेल्या मनुष्याकडे पाहिलें, तर नजर प्रथम जाते ती त्याच्या फुगलेल्या पोटाकडे. पोटांत पाणी सांठलेलें असतें, पायांवर सूज असते, आणि तराजूवर उभें केलें तर वजनहि फारसें घटलेलें दिसत नाहीं. परंतु त्याच मनुष्याचे दंड, खांदे, मांड्या आणि कानशिलें नीट पाहावीं, म्हणजे खरी गोष्ट ध्यानांत येते. तेथील मांस झडून गेलेलें असतें. पाण्याच्या भारानें मांसाची तूट झांकली जाते, आणि रोगी उपासमारीनें खंगत आहे ही गोष्ट घरच्या माणसांच्याच काय, पण पुष्कळदां वैद्याच्याहि लक्षांत येत नाहीं.

अशा रोग्यास खावयास काय द्यावें हा प्रश्न दिसावयास साधा आहे. परंतु गेल्या शंभर वर्षांत त्याचीं उत्तरें दोनदां उलटीं झालीं. एका पिढीनें त्याला भरपूर खाऊं घातलें. दुसरीनें त्याच्या ताटांतून डाळ, दूध, अंडीं व मांस काढून घेतलें. तिसरीनें तें सर्व पुनः वाढलें. या उलटापालटींत कोणी अज्ञानी नव्हता, कोणी निष्काळजीहि नव्हता. प्रत्येकापाशीं सत्याचा कांहीं अंश होताच. तरीहि मधल्या पिढीतील रोग्यांना त्याचे परिणाम भोगावे लागले. हें कसें घडलें, हें पाहण्यासारखें आहे.

आपल्याकडील जुन्या वैद्यकांत या विकारांचा समावेश ‘उदर’ या नांवाखालीं होतो. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांतील तेरावा अध्याय सबंध उदररोगाला वाहिलेला असून त्यांत उदराचे आठ प्रकार सांगितले आहेत. प्लीहा व यकृत वाढून होणारें उदर आणि पोटांत पाणी होऊन होणारें जलोदर हे त्यांपैकींच होत. उदराचीं सामान्य लक्षणें देतांना ग्रंथकारानें पोट फुगणें, हातापायांवर सूज येणें, अग्नि मंद होणें यांच्या जोडीला ‘कार्श्य’, म्हणजे शरीर कृश होणें, हेंहि लक्षण नोंदविलें आहे. जलोदराचें पाणी काढल्यानंतरचें पथ्य तर वर्षभराचें आहे: सहा महिने केवळ दूध, पुढें तीन महिने दुधाबरोबर पेज, आणि शेवटचे तीन महिने दुधाबरोबर सांवा किंवा हरीक यांसारखें हलकें धान्य. खारट पदार्थ वर्ज्य, पाणी पिणेंहि वर्ज्य. त्या काळच्या शास्त्राची परिभाषा वेगळी होती, आणि आजच्या ज्ञानाचे पुरावे तीमध्यें शोधूं नयेत. परंतु रोग पोटांत असला तरी क्षय सर्वांगाचा होतो, एवढें निरीक्षण त्यांत स्पष्ट आहे; आणि ज्या दुधावर रोग्याला ठेवावयाचें, तें दूध हें पोषक अन्नच आहे.

युरोपांत या रोगाला आजचें नांव मिळालें तें इ. स. १८१९ सालीं. छातीला नळी लावून आंतील आवाज ऐकण्याची युक्ति ज्यानें शोधून काढली, त्या रेने लेनेक या फ्रेंच वैद्यानें आपल्या प्रसिद्ध ग्रंथांत गांठाळ व पिंगट झालेल्या यकृताचें वर्णन केलें, आणि पिंगट या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यास ‘सिरोसिस’ हें नांव दिलें. पुढें शतकाच्या मध्यावर क्लॉद बर्नार यानें यकृत हें शर्करेचें कोठार आहे हें सिद्ध केलें. जेवणानंतर रक्तांत आलेली साखर यकृत ग्लायकोजेनच्या रूपानें सांठवून ठेवतें, आणि जेवणाची वेळ दूर असतां तीच थोडी थोडी रक्तांत सोडतें. ही गोष्ट ध्यानांत ठेवावयास हवी. कारण रोग्याच्या कृशतेचें एक मोठें कारण या कोठाराच्या दुरवस्थेंतच आहे. मात्र तें समजावयास सव्वाशें वर्षे जावीं लागलीं.

दरम्यान रशियांत एक निराळाच प्रयोग झाला. इ. स. १८७७ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथील निकोलाय एक या शस्त्रवैद्यानें कुत्र्यांच्या पोटांतील एक महत्त्वाची रक्तवाहिनी दुसरीस जोडली. आंतड्यांतून यकृताकडे रक्त नेणारी जी प्रतिहारिणी शीर, ती त्यानें हृदयाकडे जाणाऱ्या महाशिरेला जोडून दिली. त्यामुळें आंतड्यांतील रक्त यकृतांत न शिरतां थेट सर्व शरीरांत जाऊं लागलें. जलोदरावर हा उपाय करतां येईल अशी त्याची आशा होती. त्याच्या आठ कुत्र्यांपैकीं एकच सुमारें अडीच महिने जगला. पुढें त्याच शहरांत इव्हान पाव्ह्लॉव्ह आणि त्यांचे सहकारी यांनीं हेंच काम हातीं घेऊन इ. स. १८९३ मध्यें आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. शस्त्रक्रियेंतून वांचलेल्या कुत्र्यांना मांस खाऊं घातलें कीं तीं जनावरें चिडखोर होत, अडखळत चालत, कांहींना दिसेनासें होई, झटके येत, आणि अखेर तीं बेशुद्ध पडत. कांहीं कुत्रे तर पुढें मांसाला तोंडच लावीनात. मांसांतील प्रथिनांचें पचन होतांना उत्पन्न होणारे अमोनियासारखे पदार्थ निरोगी यकृत निर्विष करतें. यकृत टाळून ते मेंदूपर्यंत गेले म्हणजे हा अनर्थ होतो, असा तर्क त्यांतून निघाला. तर्क बरोबर होता. परंतु तो जुळला होता एका विशिष्ट शस्त्रक्रियेनंतरच्या कुत्र्याशीं. बिछान्यावर पडलेल्या रोग्याच्या सबंध आयुष्याशीं नव्हे.

विसाव्या शतकाच्या पहिल्या तिसऱ्या हिश्श्यांत सिरोसिसचा रोगी म्हणजे हातचा गेलेला रोगी अशीच समजूत होती. एकदां पोटांत पाणी झालें कीं वैद्याने तें काढीत राहावें, याखेरीज दुसरें कांहीं उरत नसे. या निराशेला पहिला धक्का दिला तो न्यूयॉर्क येथील आर्थर पॅटेक यांनीं. अतिमद्यपानाचे रोगी नीट जेवत नाहींत, हें त्यांनीं पाहिलें; आणि यकृताचा नाश मद्यापेक्षां या कुपोषणानेंच होत असावा असा त्यांचा कयास झाला. इ. स. १९३७ मध्यें त्यांनीं जीवनसत्त्वांनीं युक्त अशा उपचाराचा पहिला वृत्तांत प्रसिद्ध केला, इ. स. १९४१ मध्यें जोसेफ पोस्ट यांच्यासह दुसरा, आणि इ. स. १९४८ मध्यें १२४ रोग्यांवरील अनुभव मांडला. त्यांचा आहार भरघोस होता: दिवसाला साडेतीन हजारांच्या आसपास उष्मांक, सुमारें १४० ग्रॅम प्रथिनें, शिवाय यीस्ट व ब वर्गाचीं जीवनसत्त्वें. त्याच रोगाच्या ३८६ रोग्यांच्या नोंदी तपासून त्यांनीं व ऑस्कर रॅटनॉफ यांनीं इ. स. १९४२ मध्यें रोगाचा स्वाभाविक क्रम लिहून ठेवला होता. त्या मानानें पोसलेले रोगी अधिक काळ जगले. कित्येकांच्या पोटांतील पाणी ओसरलें, आणि ते चालूं फिरूं लागले.

पॅटेक यांच्या कामांत दोष नव्हते असें नाहीं. तुलना जुन्या नोंदींशीं केलेली होती, आणि रुग्णालयांतील रोग्यांचें मद्यहि सुटलेलें होतें. मद्य निरुपद्रवी असून कुपोषणच काय तें अपराधी, हा त्यांचा कयास तर पुढें टिकला नाहीं. चार्ल्स लीबर यांच्या प्रयोगशाळेंत इ. स. १९७० नंतरच्या दशकांत बॅबून जातीच्या वानरांना पुरेसा आहार देऊन त्यासोबत मद्य पाजलें, तरी कांहींचें यकृत सिरोसिसपर्यंत गेलें. मद्य स्वतःच यकृताचें विष आहे हें त्यावरून ठरलें. तरीपण सिरोसिसच्या रोग्याला पोटभर, प्रथिनयुक्त अन्न मानवतें आणि त्यानें त्याची प्रकृति सुधारते, ही पॅटेक यांची मुख्य गोष्ट खरी होती. दुर्दैव असें कीं, ती दृढ होण्यापूर्वींच वारें फिरलें.

इ. स. १९५२ मध्यें बोस्टन येथील डॉक्टरांनीं एक चमत्कारिक अनुभव प्रसिद्ध केला. पोटांतील पाणी कमी व्हावें म्हणून कांहीं रोग्यांना शरीरांतील क्षार शोषून घेणारें औषध दिलें होतें. त्या औषधांतून अमोनियम सुटत असे. त्यानें रोगी गोंधळले, त्यांचे हात थरथरूं लागले, कित्येकांना गुंगी आली. औषध बंद केल्यावर तीं लक्षणें गेलीं. अमोनियाचे क्षार, यूरिया, आणि कांहीं रोग्यांत प्रथिनयुक्त अन्न दिल्यानेंहि तोच प्रकार झाला. दोन वर्षांनीं, इ. स. १९५४ मध्यें, लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयांतील शीला शेरलॉक व त्यांचे सहकारी यांनीं या यकृतजन्य ग्लानीचें सविस्तर वर्णन केलें. आंतड्यांतील नत्रयुक्त विषारी द्रव्यें यकृताला वळसा घालून मेंदूपर्यंत पोंचतात, असें त्यांनीं दाखविलें; आणि अन्नांतील प्रथिनें बंद करून आंतड्यांतील जंतूंना मारणारीं औषधें द्यावीं असा उपचार सांगितला. बेशुद्धीच्या कडेला गेलेला रोगी या उपचारानें दोनचार दिवसांत शुद्धीवर येई. पाव्ह्लॉव्ह यांच्या कुत्र्यांची गोष्ट जणूं मनुष्यांत पुन्हां प्रत्ययास आली.

ज्या उपायाचें फळ दोन दिवसांत दिसतें, त्याच्यावर विश्वास बसणें स्वाभाविक आहे. म्हणून प्रथम ग्लानि आलेल्या रोग्यासाठीं असलेलें हें पथ्य हळूंहळूं ग्लानि येऊन गेलेल्याला, आणि पुढें ती कधींच न आलेल्यालाहि लागूं होऊं लागलें. दिवसाला चाळीस ग्रॅम, कधीं वीस ग्रॅम प्रथिनें, असे आंकडे रुग्णालयांच्या आहारपत्रकांत स्थिर झाले. या पथ्याची हानि मात्र दोन दिवसांत दिसत नसे. स्नायु झडावयास महिने लागत. आणि झडले, तरी तो रोगाचाच क्रम असें समजलें जाई.

याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली. अमेरिकेंतील शस्त्रवैद्य चार्ल्स चाइल्ड व जेरेमाया टरकॉट यांनीं इ. स. १९६४ मध्यें, शस्त्रक्रिया कोणत्या रोग्याला सोसेल हें ठरविण्यासाठीं पांच कसोट्या सांगितल्या. रक्तांतील पित्तरंजक, रक्तांतील अल्ब्युमिन, पोटांतील पाणी, मेंदूची अवस्था, आणि पांचवी कसोटी रोग्याचें पोषण. पोषण उत्तम, चांगलें किंवा वाईट, हें डॉक्टरानें नजरेनेंच ठरवावयाचें असे. इ. स. १९७३ मध्यें लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयांतील प्यू व त्यांचे सहकारी यांनीं ही पद्धति सुधारली, आणि पोषणाच्या जागीं रक्त गोठण्याच्या वेळेची चांचणी घातली. मोजमापाच्या दृष्टीनें हा बदल योग्यच होता; चांचणी दोन ठिकाणीं सारखीच निघते, नजर मात्र माणसागणिक वेगळी. परंतु सुधारलेली पद्धति जगभर रूढ झाली, आणि जें मोजलें जात नाहीं तिकडे लक्ष कमी जातें, या न्यायानें रोग्याच्या दंडांतील मांस कागदावरून नाहींसें झालें.

पुढील उलटापालट झाली ती शरीराच्या हिशोबाचा शोध लागल्यामुळें. इ. स. १९८३ मध्यें ऑलिव्हर ओवेन आदि अमेरिकन संशोधकांनीं सिरोसिसचे रोगी रात्रीच्या उपासानंतर कोणतें इंधन जाळतात, हें मोजलें. निरोगी मनुष्याच्या यकृताच्या कोठारांत रात्र निघण्यापुरती शर्करा असते. रोगी यकृताचें कोठार लहान झालेलें असतें. तें लौकरच रिकामें होतें, आणि मग शरीर चरबी जाळूं लागतें व स्नायूंतील प्रथिनें मोडून त्यांची साखर करतें. निरोगी मनुष्याची दोनतीन दिवसांच्या कडक उपासानंतर जी अवस्था होते, ती या रोग्याची एका रात्रींत झालेली आढळली. संध्याकाळीं लौकर जेवून सकाळीं उशिरां कांहीं खाणारा रोगी याप्रमाणें रोज रात्रीं स्वतःचें मांस खर्च करीत असतो.

दुसरी गोष्ट अमोनियाविषयीं. यकृत अमोनियाचा यूरिया करून त्याची विल्हेवाट लावतें. स्नायूंना यूरिया करतां येत नाहीं. परंतु रक्तांतील अमोनिया घेऊन त्याचें ग्लुटामिन बनविण्याची शक्ति त्यांच्यांत आहे. यकृत दुबळें झालें म्हणजे या कामीं स्नायूंचें महत्त्व वाढतें. म्हणून ग्लानि येऊं नये याकरितां प्रथिनें तोडावीं, त्यामुळें स्नायु झडावेत, आणि स्नायु झडल्यामुळें रक्तांत अमोनिया वाढून ग्लानीलाच वाट मोकळी व्हावी, असें हें चक्र होतें. त्यांत भर म्हणून वाढलेला अमोनिया स्नायूंची वाढ रोखणाऱ्या मायोस्टॅटिन या द्रव्यास चेतवितो, हें इ. स. २०१३ मध्यें क्लीव्हलंड येथील संशोधनानें दाखविलें.

तर्क झाला, आतां प्रत्यक्ष प्रमाण हवें होतें. इ. स. १९८९ मध्यें हॉलंडमधील रॉटरडॅम येथील डॉक्टरांनीं रोग्यांच्या दिवसाच्या अन्नांतलाच कांहीं भाग रात्रीं निजण्यापूर्वीं दिला, आणि तेवढ्यानें शरीरांतील नत्राचा तोल सुधारलेला आढळला. इ. स. २००८ मध्यें न्यूझीलंडमधील ऑकलंड येथें १०३ रोग्यांत दोन गट पाडून तेंच पूरक अन्न एका गटास दिवसा व दुसऱ्यास रात्रीं दिलें. वर्षभरानंतर रात्रीं खाणाऱ्यांच्या अंगीं सुमारें दोन किलो मांस चढलें होतें; दिवसा खाणाऱ्यांना तसा लाभ झाला नाहीं. अन्न तेंच, वेळ मात्र निराळी.

पण खरी परीक्षा होती ती ग्लानि आलेल्या रोग्याची. त्याला प्रथिनें देण्याचें धैर्य कोणी करावें? इ. स. २००४ मध्यें बार्सिलोना येथील डॉक्टरांनीं तें केलें. ग्लानीनें रुग्णालयांत आणलेल्या रोग्यांचे दोन भाग केले. एका भागाला पहिल्या दिवसापासून शरीराच्या दर किलो वजनामागें १.२ ग्रॅम प्रथिनें, आणि दुसऱ्याला जुन्या पद्धतीप्रमाणें प्रथम शून्य व मग हळूंहळूं वाढवीत. ग्लानि उतरण्याच्या क्रमांत दोन्ही भागांत फरक पडला नाहीं. उलट प्रथिनें तोडलेल्या रोग्यांच्या शरीरांतील प्रथिनें अधिक मोडलीं गेलीं. रोग्यांची संख्या थोडी होती. परंतु ज्या नियमासाठीं पन्नास वर्षें रोग्यांना अर्धपोटी ठेवलें, त्याला आधार किती तोकडा होता हें त्यावरून उघड झालें. भारतांतहि दिल्लीच्या गोविंद बल्लभ पंत रुग्णालयांत १२० रोग्यांवर असाच एक प्रयोग होऊन इ. स. २०१६ मध्यें प्रसिद्ध झाला. मेंदूवरील परिणाम अगदीं सूक्ष्म असलेल्या रोग्यांना सहा महिने पुरेसें अन्न आणि मुख्यतः वनस्पतिजन्य प्रथिनें दिलीं, तेव्हां नेहमींचाच आहार घेणाऱ्यांपेक्षां त्यांच्या बुद्धीची चपळता अधिक सुधारली. डाळभात खाणाऱ्या समाजाला ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे.

झडलेल्या मांसालाहि आतां नांव आहे. म्हातारपणीं होणाऱ्या स्नायुक्षयाला आयर्विन रोझेनबर्ग यांनीं इ. स. १९८८ मधील एका परिषदेंत ‘सार्कोपेनिया’ हा शब्द सुचविला. मांस आणि उणीव या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून तो बनविलेला आहे. पुढें तो यकृताच्या रोग्यांनाहि लागूं झाला. कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवर सी. टी. स्कॅननें स्नायूंचें क्षेत्रफळ मोजतां येतें; हाताच्या पकडीचा जोर साध्या यंत्रानें मोजतां येतो. इ. स. १९७३ मध्यें नजरेवर अवलंबून म्हणून सोडून दिलेली कसोटी अशा रीतीनें मोजमाप घेऊन परत आली. यकृताच्या अभ्यासकांच्या युरोपीय संस्थेनें इ. स. २०१९ मध्यें दिलेल्या मार्गदर्शनाप्रमाणें, रोग अजून आटोक्यांत असलेल्या सिरोसिसच्या रोग्यांपैकीं सुमारें वीस टक्के, आणि रोग बळावलेल्यांपैकीं निम्म्याहून अधिक, कुपोषित असतात. त्याच मार्गदर्शनांत प्रथिनांचें प्रमाण दर किलो वजनामागें १.२ ते १.५ ग्रॅम सांगितलें आहे.

हा सर्व इतिहास दूर देशींच्या रुग्णालयांत घडला; परंतु त्याचा संबंध आपल्या स्वयंपाकघराशीं फार जवळचा आहे. कावीळ म्हटली कीं आपल्या घरांतून तेल, तूप, हळद बंद होते. उंसाचा रस, पेज आणि वरणाचें पाणी सुरू होतें. चार आठवड्यांत बऱ्या होणाऱ्या काविळींत हें पथ्य निभावून जातें. परंतु वर्षानुवर्षें चालणाऱ्या रोगांत तेंच पथ्य चालविलें, तर रोग्याचें मांस झडल्यावांचून राहत नाहीं. साठ किलो वजनाच्या मनुष्याला दिवसाला ७२ ते ९० ग्रॅम प्रथिनें लागतात. पेलाभर दुधांत तीं सहासात ग्रॅम, एका अंड्यांत सुमारें सहा, आणि शंभर ग्रॅम कोरड्या डाळींत सुमारें बावीस असतात. पातळ वरणाच्या दोन वाट्यांनीं हा हिशोब जुळणार नाहीं, हें कोणत्याहि गृहिणीच्या ध्यानांत येईल. दिवसभरांत थोडें थोडें पांचसहा वेळां खाणें, निजतांना दूध व पोहे, दहीभात किंवा दुधांत कालवलेलें सातूचें पीठ घेणें, आणि उठल्यावर फार वेळ उपाशी न राहणें, या साध्या गोष्टी आजच्या शास्त्राला संमत आहेत. एकादशी, चतुर्थीचे निर्जळ उपास अशा रोग्याला वर्ज्यच समजावेत. जें पथ्य खरोखर पाळावयाचें तें निराळेंच आहे: मद्याचा थेंबहि नको, आणि पोटांत पाणी असल्यास लोणचें, पापड व वरचें मीठ नको. सारखें अंथरुणावर पडून राहिल्यानेंहि स्नायु झडतात; म्हणून झेपेल तेवढें चालणें हेंहि उपचारांतच येतें. प्रमाण व तपशील अर्थात् रोग्याला तपासणाऱ्या डॉक्टरांनींच ठरवावयाचा. कारण मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह अशा गोष्टींनीं हिशोब बदलतो.

पाव्ह्लॉव्ह यांचे कुत्रे खरोखरच मांसानें बेशुद्ध पडले होते, पॅटेक यांचे रोगी खरोखरच जेवून सुधारले होते, आणि शेरलॉक यांचे रोगी खरोखरच प्रथिनें बंद केल्यावर शुद्धीवर आले होते. अनुभव तिन्ही खरे. चूक झाली ती एका प्रसंगाचा अनुभव सबंध रोगाला लावण्यांत, आणि चार दिवसांचें पथ्य आयुष्यभर चालविण्यांत. पथ्य म्हणजे केवळ वर्ज्य पदार्थांची यादी अशी आपली समजूत आहे. मूळ शब्दाचा अर्थ मात्र मार्गाला हितकर असा आहे. यकृताच्या रोग्याच्या बाबतींत तो मार्ग बहुतेक वेळां भरलेल्या ताटावरूनच जातो, हें शास्त्राला फार उशिरां कळलें. आपल्या घरांतून तरी तें वेळीं कळावें.